दोन दातांमधलं अंतर

घरच्या घरी करायच्या कामांची मराठी पुरुषांमध्ये एक चढती भाजणी असते. पहिली पायरी पंख्याचा कपॅसिटर. मग गळका नळ, मग मिक्सरचा कपलर, मग गीझरची कॉइल. गीझरपर्यंत पोचलेल्या माणसाला गल्लीत मान असतो, आणि आता त्याने इथेच थांबावं अशी त्याच्या बायकोची मनोमन इच्छा असते. आमचे दाजी थांबले नाहीत. मधल्या सगळ्या पायऱ्या गाळून त्यांनी थेट जीपचं मागचं डिफरन्शियल उघडलं. आणि तेही साताऱ्यात, राहत्या घराच्या पोर्चमध्ये, ताईच्या तुळशीवृंदावनापासून चार हातांवर.

मुळात दुखणं डिफरन्शियलचं नव्हतंच, टायरचं होतं. दाजींची जुनी महिंद्रा जीप साधारण २८ इंच उंचीच्या टायरवर वर्षानुवर्षं सुखाने चालत होती. सज्जनगड, ठोसेघर, कास, बामणोली, कुठेही जायची आणि बहुतेक वेळा परतही यायची. पण एका लग्नाला गेले असता त्यांनी मांडवाबाहेर ३१ इंची टायरवर उभी असलेली एक जीप पाहिली. लग्न कोणाचं होतं हे आज दाजींना आठवत नाही. टायरची नक्षी आठवते.

तसे टायर आले. जीप उंच झाली, रुबाबदार झाली, उतरताना दाजी क्षणभर हवेत तरंगताना दिसू लागले. फक्त यवतेश्वरचा घाट चढेना. जिथं पूर्वी तिसऱ्या गिअरवर गाडी गुणगुणत जायची तिथं ती दुसऱ्यावर धापा टाकायला लागली. कारण अगदी साधं आहे. टायर मोठा झाला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, आणि तेवढ्याच फेऱ्यांत इंजिनाला जास्त ओढावं लागतं. हे शाळेच्या पुस्तकात असतं. टायरच्या दुकानात शाळेचं पुस्तक ठेवत नाहीत.

यावर उपाय दोनच. एक म्हणजे जुने टायर परत बसवणं. तो ताईने सुचवला, म्हणून बाद झाला. दुसरा म्हणजे क्राउन-पिनियन बदलणं.

इंजिनाचा जोर प्रोपेलर शाफ्टमधून मागे येतो तो गाडीच्या लांबीने, आणि चाकांचा एक्सल असतो आडवा. या काटकोनात पिनियन नावाचं छोटं गिअर क्राउन नावाच्या मोठ्या गिअरला फिरवतं. दाजींच्या जुन्या जोडीत क्राउनला ३९ दात आणि पिनियनला ८. भागाकार ४.८८. नवी जोडी ४३ आणि ८ ची, भागाकार ५.३८. आकडा वाढला की वेग कमी, जोर जास्त. जीपच्या घराण्यात हे दोन्ही आकडे जुनेच आहेत. दुसऱ्या महायुद्धात धावली त्या विलिस जीपचा ४.८८. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये त्याच जीपला साधे कपडे घालून शेतकऱ्यांना विकायला काढलं, तेव्हा ५.३८ केला, कारण शत्रूच्या अंगावर धावून जाण्यापेक्षा नांगर ओढायला जास्त जोर लागतो. विलिसचं हे घराणं स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांमार्फत मुंबईत उतरलं आणि आपल्या मातीत इतकं रुजलं की पुढे कुठल्याही चारचाकी उघड्या गाडीला खेड्यात जीपडंच म्हणू लागले.

चहा येईपर्यंत मी वीजबिलाच्या पाठीमागे त्रैराशिक मांडलं. ४.८८ गुणिले ३१ भागिले २८. उत्तर ५.४०. म्हणजे मोठ्या टायरनी जेवढा जोर घालवला, जवळजवळ तेवढाच नवे दात परत आणणार. टायरचे पैसे, दातांचे पैसे, बेअरिंगांचे पैसे आणि दिवाळीनंतरच्या सुट्ट्या खर्चून जीप ओढायला थेट पूर्वीसारखी होणार होती. कागद मी दाजींपुढे ठेवला. त्यांनी तो नीट वाचला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "बघा पाव्हणं, गणितानंबी सिद्ध झालं. बरोब्बर बसतंय."

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परस्पर फेरफार करू नका असं सांगतं, याची आठवण मी करून दिली. दाजी बँकेत आहेत, नियमांचा त्यांना आदर आहे. ते म्हणाले, "फेरफार कुठं? डागडुजी आहे ही."

आता डिफरन्शियल हे प्रकरण मुळात आलं कुठून? बैलगाडीला ते लागत नाही. तिची चाकं आसावर मोकळी फिरतात. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरलं काय आणि आतलं कमी फिरलं काय, बैलांना त्याचं काही वाटत नाही. पण दोन्ही चाकांना एकाच इंजिनाने फिरवायचं ठरवलं की पंचाईत सुरू होते. पंधरा ऑगस्टच्या संचलनात रांग वळताना आतला पोरगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरचा अक्षरशः धावत सुटतो. दोघांनी सारखीच पावलं टाकायची म्हटलं तर रांग मोडते. गाडीत एक्सल मोडतो. म्हणून क्राउनच्या पोटात आणखी छोटी गिअरं बसवून दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरायची मुभा दिलेली असते. वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी या रचनेचं पेटंट ओनेसिफोर पेकर या फ्रेंच गृहस्थांनी १८२८ मध्ये घेतलं. त्यांच्या गाडीचं नाव आज कोणी काढत नाही. दात मात्र जगभर फिरताहेत, आणि दोनशे वर्षांनी त्यातले काही आमच्या ताईच्या पोर्चमध्ये वर्तमानपत्रावर मांडलेले होते.

कामाला माणसं जमली. दाजी मुख्य. शेजारचे काका सल्लागार. त्यांचं आयुष्य एस.टी.च्या कार्यशाळेत गेलेलं. ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे आणि विचारल्याशिवाय बोलायचे नाहीत. विचारल्यावर बहुतेक वेळा "हं" म्हणायचे. पहिल्या दिवशी मात्र त्यांनी आपणहून एक वाक्य उच्चारलं. दाजी जीपखाली विटा रचायला निघाले होते. काका म्हणाले, "गाडीखाली इटा लावणाऱ्याच्या फोटूला हार लागतो." लोखंडी स्टँड त्याच दिवशी आले.

माझ्याकडे बॅटरी होती. घरातल्या कोणत्याही दुरुस्तीत बॅटरी धरणारा हा सगळ्यांत खालच्या दर्जाचा कामगार असतो आणि प्रत्येक चुकीला जबाबदार तोच असतो. नट निसटला, उजेड हलला म्हणून. पाना घसरला, उजेड डोळ्यांवर आला म्हणून. दाजींची अपेक्षा अशी की ते जिथे बघतील तिथे उजेड हवा, आणि ते कुठे बघताहेत हे मला त्यांच्या पायांवरून ओळखता आलं पाहिजे, कारण बाकीचे दाजी गाडीखाली असायचे. "पाव्हणं, हिकडं!" हिकडं म्हणजे कुठं हे विचारायची सोय नसते.

सुरुवात तेल काढण्याने होते. क्राउन आणि पिनियनचे दात एकमेकांवर इतक्या दाबाने घासतात की साध्या तेलाचा थर तिथे टिकत नाही, म्हणून गिअर ऑइलमध्ये गंधकाची संयुगं घातलेली असतात. आता हे नव्वद नंबरचं ऑइल बरीच वर्षं मुरलं की कसं होतं ते लिहून सांगता येत नाही. पोर्चमधलं मांजर त्या दिवशी गेलं ते रथसप्तमीनंतर परतलं. ताईने दारातूनच जाहीर केलं की हे कपडे तिच्या मशीनमध्ये जाणार नाहीत, आणि ते कपडे घातलेली माणसं घरात येणार नाहीत.

मग दोन्ही बाजूंचे एक्सल ओढून काढले. बेअरिंग धरून ठेवणाऱ्या टोप्या सोडवायच्या आधी डावी-उजवीची खूण करून ठेवावी लागते. ज्या जागेची जी, तिथे तीच बसते. अदलाबदल चालत नाही. दाजींनी खुणेसाठी ताईचं नेलपॉलिश वापरलं, आणि त्या दिवसापासून डावी टोपी गुलाबी आहे. हाउसिंगमधून आतला सगळा गोतावळा बाहेर काढण्यासाठी, हाउसिंग किंचित ताणून धरणारं एक खास अवजार पुस्तकात दाखवलेलं आहे. साताऱ्यात पहार मिळते. पहारीने तो गोतावळा बराच वेळ हलला नाही आणि मग सगळाच्या सगळा एकदम दाजींच्या मांडीवर आला. तेव्हा दाजी जे बोलले ते ऐकून काकांनी पहिल्यांदा मान डोलावली. आता हा मेकॅनिक झाला, असा त्याचा अर्थ असावा.

इथपर्यंतचं काम कोणालाही जमेल. ताकद, पहार आणि शिव्या एवढं भांडवल पुरतं. खरी कसोटी बसवताना लागते, आणि ती आपल्या स्वभावाविरुद्ध लागते.

आपलं मोजमाप कसं असतं? चिमूटभर, बोटभर, वीतभर. अंमळ इकडे, जरा तिकडे. घराची भिंत एका सुतात नसली तरी तिच्यापुढे कपाट लावून भागतं. पंगतीला दोनशे माणसं धरली आणि तीनशे आली तर आमटीत पाणी वाढतं. अंदाजपंचे दाहोदरसे या पायावर आपण साम्राज्यं उभी केली आहेत. डिफरन्शियलला मात्र आमटी लागत नाही. क्राउनचा दात आणि पिनियनचा दात यांच्यामध्ये जी मोकळीक ठेवायची, म्हणजे बॅकलॅश, ती ०.१३ ते ०.२५ मिलिमीटरच्या आत लागते. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे एका कागदाहून जास्त आणि अडीच कागदांहून कमी. त्याहून कमी ठेवली तर दात तापून एकमेकांना खातात. जास्त ठेवली तर अॅक्सिलरेटर सोडला-दाबला की मागून ठण्ण असा आवाज येतो आणि पुढे दात मोडतात.

हे अंतर साधायला शिमा असतात. शिम म्हणजे पातळ पोलादी चकती. एखादी इतकी पातळ की फुंकर मारली तर उडते, आणि एक तशी उडालीही. ती तुळशीच्या मातीत सापडली. क्राउन बाजूला सरकवायला बेअरिंगच्या दोन बाजूंना शिमा, आणि पिनियन आत-बाहेर करायला पिनियनच्या बेअरिंगमागे वेगळ्या शिमा. गंमत अशी की पिनियन हलवलं की बॅकलॅश बदलतो, आणि बॅकलॅश नीट करायला गेलं की आधी जमलेलं चित्र बिघडतं. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच तयार करतात, दोघांवर एकच नंबर कोरतात आणि जोडीनेच विकतात. (इथे लग्नाची उपमा सुचते. ती मी ताईसमोर दिली नाही.)

दर वेळी शिम बदलायची म्हणजे दाबून बसवलेलं बेअरिंग पुलरने उपटायचं, आणि दोन-चार वेळा उपटलं की नवं बेअरिंग भंगारात. इथे काकांच्या "हं"चं पहिल्यांदा वाक्य झालं. "जुनं बेअरिंग आतून घासून घ्या. हातानं बसंल, हातानं निघंल. माप त्याच्यावर घ्यायचं, नवं शेवटी ठोकायचं." एवढं बोलून ते चहा प्यायला लागले. हा सल्ला दाजींना आधी मिळाला असता तर पुण्याच्या नाना पेठेत एक फेरी वाचली असती. पण दाजींनी आधी विचारलं नव्हतं, आणि काका तत्त्वाचे आहेत.

बॅकलॅश मोजणाऱ्या डायल गेजचा काटा हलत होता. दाजी म्हणाले, "शून्य पॉइंट तीन. चालतंय की." काका गप्प. पंख्याच्या कपॅसिटरपासून आजवर दाजींचं प्रत्येक काम "चालतंय की" या दोन शब्दांवर संपलेलं आहे. ते पुन्हा म्हणाले, "चालतंय की हो." काकांनी शांतपणे कप खाली ठेवला आणि विचारलं, "गाडीला इचारलं का?" दाजींनी पुन्हा सगळं सोडलं.

बॅकलॅश जमला तरी दात बरोबर ठिकाणी टेकतात का हे बघावं लागतं. त्यासाठी रंग लागतो. दाजींनी मागवलेली रंगाची ट्यूब वेळेवर आली नाही, तेव्हा काकांनी घरून शेंदूर आणला. हा काही साताऱ्याचा जुगाड नव्हे. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, आणि जुने अमेरिकी मेकॅनिकही तेच तेलात कालवून दातांना फासायचे. मग क्राउन फिरवायचा. जिथे दात एकमेकांना टेकले तिथला रंग निघून ठसा उमटतो. ठसा दाताच्या मुळाकडे गेला तर पिनियन फार आत घुसलंय, शेंड्याकडे गेला तर फार बाहेर राहिलंय. मधोमध आला की जमलं.

नेमका त्या दिवशी दुसरा शनिवार होता, बँकेला सुट्टी. दाजींच्या आई मारुतीच्या देवळातून परतल्या. पोर्चमध्ये तेल-शेंदूर माखलेलं, गोल, भारदस्त असं काहीतरी पाटावर ठेवलेलं त्यांनी पाहिलं. चपला काढल्या, हात जोडले, पुटपुटल्या आणि आत गेल्या. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पुढचा ठसा मधोमध आला एवढंच मी इथे नोंदवून ठेवतो. काका म्हणाले, "हं. आता हात साबणानं धुवा, शिसं विषारी असतंय."

एक आधीची गोष्ट सांगायची राहिली. नवा क्राउन डिफरन्शियलच्या केसवर घट्ट बसतो. तो आधी तापवला की किंचित फुगतो आणि अलगद चढतो. ताई हळदीकुंकवाला गेली होती. तिचा ओव्हन घरीच होता. क्राउन खरपूस नव्हे, बेताचाच तापवला, आणि तो खरोखर हाताने दाबताच बसला. ओव्हन आम्ही सोडा घालून पुसला. त्या महिन्यातल्या नानकटाईला जी एक वेगळी चव आली होती तिच्याबद्दल ताईने विचारलं, तेव्हा दाजी म्हणाले, वेलची जास्त झाली असेल.

पिनियनचा नट आवळायला पान्याच्या टॉमी-दांड्याला सहा फुटी पाइप लावला आणि गल्लीतल्या दोन तरण्या पोरांना लोंबकळायला बोलावलं. तो किती आवळावा हे मात्र ताकदीने ठरत नाही. पिनियनची बेअरिंगं ठरावीक घट्ट हवीत, आणि ते मोजायची जुनी रीत अशी: पिनियनला दोरा गुंडाळायचा, दोऱ्याला स्प्रिंगचा काटा अडकवायचा आणि पिनियन फिरायला किती ओढ लागते ते काट्यावर वाचायचं. काटा रद्दीवाल्याकडून आणला. रद्दीवाला काटा देऊन तिथेच उभा राहिला, कारण जीप किलोवर जाणार आहे असं त्याला वाटलं. "निम्मी तर सुटलीच आहे," असंही तो म्हणाला. दाजींनी त्याला चहा दिला नाही.

शेवटी झाकण लागलं, नवं तेल भरलं, जीप खाली उतरली. नव्या दातांना लगेच राबवायचं नसतं. पहिल्यांदा वीस-पंचवीस किलोमीटर हळू चालवून गाडी पूर्ण गार होऊ द्यायची, पुढे आठशे किलोमीटरपर्यंत ओझं ओढायचं नाही, आणि मग तेल बदलायचं. पहिल्या फेरीला आम्ही सगळे बसलो. डिफरन्शियलमधली चूक लपत नाही. ठरावीक वेगाला गाडी रडते, आणि तो सूर अॅक्सिलरेटर दाबल्यावर येतो की सोडल्यावर, यावरून जाणकार चूक कुठे झाली ते सांगतात. दाजींनी वेग वाढवला, सोडला, पुन्हा वाढवला. काका मागच्या बाकावर डोळे मिटून ऐकत होते. गावाजवळच्या बोगद्याच्या अलीकडे त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, "बरंय." एवढी मोठी स्तुती त्यांनी एस.टी.च्या नव्या बसचीही कधी केली नसेल.

यवतेश्वरचा घाट जीप तिसऱ्या गिअरवर चढली. मोठ्या टायरमुळे पन्नास दाखवून पंचावन्नने पळवणारा स्पीडोमीटरही आता खरं बोलायला लागला. घरी आल्यावर ताईने विचारलं, "म्हणजे पूर्वीसारखीच झाली ना?"

"पूर्वीसारखी कशी?" दाजी दुखावले. "पूर्वी ती कंपनीनं केलेली होती."

आता वाचकांसाठी थोडी माहिती, कारण जीप वाटेत दिसण्याचा संभव आहे. अशा फोर बाय फोर जीपला डिफरन्शियलं दोन असतात, आणि पुढच्या-मागच्या दोन्हींचा आकडा सारखाच लागतो. दाजींच्या मागच्या चाकांचा आकडा ५.३८ झाला, पुढच्यांचा अजून ४.८८ आहे. चारही चाकं एकदम जुंपली तर पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जास्त वेगाने पळायला बघतील, आणि डांबरावर हे भांडण काहीतरी मोडल्याशिवाय मिटणार नाही. म्हणून फोर बाय फोरचा दांडा सध्या ताईच्या जुन्या साडीच्या काठाने सीटला बांधून ठेवला आहे. तेव्हा पावसाळ्यात कासच्या रस्त्याला उंच टायरची, रुबाबदार, चिखलात एकच चाक गरगर फिरवत उभी असलेली जीप दिसली तर हसू नये, धक्का द्यावा.

पुढच्या डिफरन्शियलची जोडी आणून ठेवलेली आहे. काम एका रविवारचं आहे असं दाजी म्हणतात. बॅटरी धरायला माणूस हवा आहे. मी त्या रविवारी बाहेरगावी आहे, कोणता रविवार ते अजून ठरलेलं नसलं तरी. साताऱ्यात कोणी मोकळं असेल तर जरूर जावं. चहा उत्तम मिळतो, जेवायलाही थांबवतात. पांढरे कपडे घालू नयेत आणि नानकटाई घेऊ नये.